चित्रभिंतीवरचा हार

सकाळी चहाचा कप घेऊन वैजयंतीताई हॉलमध्ये आल्या, तर दक्षिणेच्या भिंतीवर त्यांचा स्वतःचाच फोटो. त्याला चंदनाचा हार. आणि अकरा वर्षांपूर्वी गेलेले त्यांचे यजमान हार उतरवून पूर्वेच्या भिंतीवर, मुला-सुनेच्या शेजारी जाऊन बसलेले.

"घोळ झालाय," मुलगा तन्मय म्हणाला. "नवरा कोण, बायको कोण, यात गोंधळलीय भिंत."

चित्रभिंत त्यांच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये येऊन दोन महिने झाले होते. रंगाच्या थराइतका पातळ पडदा चारही भिंतींना चढवला होता. खिळे नाहीत, चौकटी नाहीत. घरातलं बोलणं ऐकून कुठला फोटो कुठे आणि केवढा, हे ती ठरवायची. गेलेल्यांची जागा दक्षिणेला, हारासकट, ही रीत कंपनीने तिला शिकवूनच पाठवली होती. इतक्या शहाण्या वस्तूने असा गाढवपणा करावा याचं सून मृण्मयीला हसू येत होतं आणि सासूबाईंकडे बघून आवरावंही लागत होतं.

तन्मयने बोटाने आईचा फोटो ओढून तीनदा पूर्वेला नेला. तिन्ही वेळा तो मुकाट्याने परत गेला.

दुपारी कंपनीचे तंत्रज्ञ, सुतार नावाचे, आले. त्यांनी भिंतीच्या नोंदी उघडल्या आणि जरा चाचरले.

"बिघाड नाही. सुरुवातीला तुम्ही भरलेली माहिती धरते, मग स्वतःच्या कानाने चालते. बोलण्यातला काळ बघते. ज्यांच्याबद्दल 'करायचे', 'जायचे' असंच बोलतात, ते गेलेले. 'करतात', 'जातात', ते आहेत."

"मग बाबा?"

सुतारांनी नोंदी ऐकवल्या. सगळीकडे वैजयंतीताईंचा आवाज. ह्यांना कारलं आवडत नाही. ह्यांना पंखा मोठा लागतो.

"आणि आई?"

आई कृष्णेत पोहायची. आई आमटी काय फर्मास करायची. आवाज तन्मयचा, मृण्मयीचा, आणि बऱ्याच ठिकाणी वैजयंतीताईंचाच. मी गल्लीतल्या पोरींना पोहायला शिकवायचे. मी नाटकाला जायचे.

राग कुणावर काढावा हे वैजयंतीताईंना कळेना. मुलांनी वाईट काहीच म्हटलं नव्हतं, कौतुकच केलं होतं. तरी त्यांना फार अपमान झाल्यासारखं वाटलं.

"हे बदलायचं कसं?" मृण्मयीने विचारलं.

"बोलूनच. पण तोंडदेखलं बोललेलं तिला कळतं. साहेबांना परत हार हवा असेल, तर आजींनी त्यांच्याबद्दल..."

"त्यांना राहू दे तिथे," वैजयंतीताई म्हणाल्या. "माझं बघा."

तन्मय भिंतीपुढे उभा राहिला. "आई चहा पिते," तो म्हणाला. हार जागचा हलला नाही.

"एवढ्याने नाही व्हायचं," सुतार म्हणाले. "चहा काय, पाहुणेही पितात."

"आई रोज..." तन्मयने पुन्हा सुरुवात केली आणि थांबला. एरवी तो सकाळी आठला घर सोडायचा, संध्याकाळी सातला परतायचा. मधल्या वेळात आई काय करते? त्याने बायकोकडे पाहिलं. तिने सासूबाईंकडे पाहिलं.

नेहमीच्या सवयीने वैजयंतीताई त्याला उत्तर पुरवायला गेल्या, आणि त्यांनाही ते सापडेना. दुपारच्या चहाचा कप हातात तसाच होता. त्यांनी फोटोतल्या बाईकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"तन्मय," त्या म्हणाल्या, "मी काय करते रे?"