फळीखालचा तळवा

राईचा पर्वत करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे आधीच कबूल करते. लेक रांगायला लागली आणि गार फरशी मला खुपू लागली. मग तिच्या खोलीत लाकडी फळ्या बसवायचं ठरलं. सिमेंटवर ॲडेसिव्ह पसरायचं, फळी दाबायची, वर वजन ठेवायचं. तो उग्र वास बाळाला नको, म्हणून काम होईपर्यंत आम्ही दोघी माझ्या आईकडे राहिलो.

परतलो त्या सकाळी मिस्त्री गुडघ्यांवर बसून एकेक फळी बोटाने वाजवून बघत होते. खाली पोकळी राहिली की आवाज बदलतो. खिडकीजवळ तो बदलला. टक... टक...

मिस्त्रींनी हात उचलला. आवाज थांबला नाही.

"उंदीर असेल," नवरा म्हणाला.

"अरे, तळमजला आहे. खाली नुसतं सिमेंट, मग माती."

"झालं सुरू! आता फळ्यांनाही ताप आलाय का बघ."

कडेवरची लेक मात्र हसली, ओळखीचं माणूस दिसल्यावर हसते तशी. तिने माझ्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

खालून दोन आल्या.

"काढा ती फळी," मी म्हणाले. "नाहीतर हिला या खोलीत पाऊल ठेवू देणार नाही."

मिस्त्रींनी पटाशी घालून फळी उचकटली. खाली सपाट, अखंड सिमेंट. मग त्यांनी फळी उलटी करून आमच्यापुढे धरली. पाठीवरच्या ॲडेसिव्हच्या थरात एक तळवा उमटला होता. इवलासा. खालून वर दाबलेला.

"बाळाचा हात लागला असेल..." नवरा पुटपुटला.

"बाळ इथं नव्हतं, साहेब..."

मी लेकीचा तळवा त्यावर धरला. ठसा तांदळाच्या एका दाण्याने मोठा निघाला. म्हणजे आपल्या बाळाचा नाही... मला चक्क हायसं वाटलं.

नवी फळी बसली. जुनी न्यायला मिस्त्री काही केल्या तयार होईनात, म्हणून ती माळ्यावर गेली. टकटक पुन्हा आली नाही. लेक त्या खोलीत रांगली, उभी राहिली, पळू लागली.

आज शेजारच्या काकूंनी तिला उचललं. "अगं बाई, केवढी वाढली ही!"

त्या गेल्यावर मला राहवेना. फळी खाली काढली. ॲडेसिव्ह दगडासारखं सुकलेलं. लेकीचा हात धरून त्यावर ठेवला.

ठसा अजूनही तांदळाच्या एका दाण्याने मोठा आहे.