बोलायला शिताफळ

"शिताफळ मिळेल" अशी खडूनं लिहिलेली पाटी नेकनूरच्या फाट्यावर बाभळीला टांगलेली होती. एसटीतून उतरलेली सुकन्या ती वाचून जागीच थबकली. शाळेत मराठी शिकवणाऱ्या पोरीला अशी पाटी म्हणजे डोळ्यात गेलेलं कुसळच!

टोपल्यांमागे एक उंच, सावळा तरुण फळं निवडत बसला होता.

"अहो, हे चुकलंय. सीताफळ. सीतामाईतला सी... दीर्घ."

त्यानं वर पाहिलं. हसला नाही, पण मिशीच्या टोकाशी काहीतरी हललं.

"आमच्या डोंगरात समदे शिताफळच म्हणतेत, म्याडम. गिऱ्हाइकाला कळतंय, तुमालाच कावून अडलं?"

"अडलं नाही. खुपलं."

"मग काढा की काटा," म्हणत त्यानं खडू पुढं केला.

तिनं पुसलं आणि ठसठशीत लिहिलं. तो ओठ ताणून वाचू लागला, "सी... ता... फळ. शीळ घातल्यावानी वाटतंय!"

सुकन्याला हसू आवरेना. निघताना त्यानं एक फळ तिच्या हातावर ठेवलं. खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या होऊन फळाचे डोळे नुकतेच उघडले होते. "उद्या खा. आज घाई केली तर गोडी न्हाई लागायची."

त्याचं नाव जीवन. घरची शेरडं-मेंढरं, थोडं रान, आणि दसरा आला की डोंगरातली सीताफळं.

पुढच्या आठवड्यात पाटीवर 'पेरु' आला, मग 'डाळींब'. दर वेळी सुकन्या थांबायची, खडू मागायची, लटकं रागवायची. ती लिहीत असताना जीवन पाटी घट्ट धरून उभा राहायचा आणि त्याची नजर काही अक्षरांवर नसायची. एकदा परतीच्या पावसाची सर आली. दोघं बाभळीखाली... टोपल्यांवर पोतं, आणि हवेत पिकल्या फळांचा घमघमाट.

"मुद्दाम चुकता ना तुम्ही?" तिनं विचारलं.

तो टोपलीकडे बघत राहिला. "बरोबर लिहिलं तर तुमी थांबणार न्हाई... त्याची लई भीती वाटती."

पाऊस थांबला तरी सुकन्या हलली नाही. मग हळूच म्हणाली, "मग घरी या. मोठ्या माणसांना घेऊन."

घरी वडिलांच्या, राधाकिशनरावांच्या मनात केजचा एक नोकरदार मुलगा होता. लेकीचा हट्ट पाहून ते एवढंच म्हणाले, "येऊ दे बघायला. पण तुझा मान राखला न्हाई, तर विषय तिथंच संपला."

जीवनची आई रतनबाई आणि मामा आश्रुबा आले. पोहे झाले, चहा झाला. मामांनी फेटा सावरला, खाकरले.

"पोरी, नाव लिहून दाव बरं तुझं."

जुनी रीतच ती! मुलीला चालवून बघायचं, अक्षर बघायचं. पण राधाकिशनरावांचा चेहरा लालबुंद झाला. वर्गभर पोरांना लिहायला शिकवणारी लेक, अन् तिची परीक्षा? नाही म्हणावं तर मामा उठणार, मुकाट लिहावं तर वडील उठणार.

तिनं फळीवरची पाटी काढली, एका दमात नाव लिहिलं आणि मामांना दाखवलं. मग पुसून ती पाटी जीवनपुढं धरली.

"आता तुम्ही लिहा. सीताफळ."

मामांनी रिकामी बशी बाजूला सारली.

"पोराची परीक्षा? हे कुठं असतंय?" मामा अर्धे उठले. "चल रं जीवन!"

जीवन उठला नाही. त्यानं मांडी घातली, पाटी गुडघ्यावर घेतली. पेन्सिल करकरत होती...

मामांनी डोकावलं. "चुकलं की! शिताफळ असतंय ते!"

"बोलायला शिताफळ, मामा. लिहायला सीताफळ." घाम पुसत जीवन म्हणाला, "आन् परीक्षा घ्यायची तर दोघांची घ्यावी. मला काय कमीपणा न्हाई."

मामा काही बोलणार, एवढ्यात रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. पदराआडून हसू फुटलं.

"दादा, मला बघाया आलते तवा माझ्या हातात पाटी दिली. मला येत नव्हतं, मी लाजून मेले. तवाच तू ती नवरदेवाकडं सरकवली असतीस, तर तुझे दाजी खिडकीतनं पळाले असते!"

तिच्यापाठोपाठ हसले ते राधाकिशनराव. असे खदखदून, की डोळ्यांत पाणी आलं. मग मामांच्या मिशा हलल्या आणि तेही मांडी ठोकत खाली बसले.

"मुक्ता," राधाकिशनरावांनी आत धाकट्या लेकीला हाक दिली, "सुपारी आण. अडकित्ता मामांच्या हातात दे."

अडकित्ता कटकन वाजला, सुपारी फुटली. आणि भरल्या बैठकीत, मान खाली न घालता, सुकन्यानं जीवनकडे पोटभर पाहून घेतलं.