रस्त्यापलीकडचं चर्च

रग्ना गारांपासून जीव वाचवत पळाली ती थेट चुकीच्या चर्चमध्ये शिरली.

चूक होण्यासारखीच होती. नॉर्वेहून आलेल्या आमच्या आजोबांनी अमेरिकेतल्या या काउंटीत आधी एकच चर्च बांधलं होतं. मग, देव माणसाला आधीच निवडून ठेवतो, की माणसाचा होकार बघून निवडतो, यावर ते भांडले. आणि रस्त्यापलीकडे दुसरं उभं राहिलं. लाकूड तेच, सुतारही तोच. मनोरा मात्र हातभर उंच, देवाचा गोंधळ नको म्हणून.

आत टॉर्गर शिडीवर बसून खिडकी रंगवत होता.

"तू पलीकडची ना?"

"गारा थांबेपर्यंत इकडची."

"चुकून आलीस असं वाटतंय तुला. आमच्यात सगळं आधीच ठरलेलं असतं."

"आमच्यात नाही... आमच्यात हो म्हणावं लागतं. आणि त्याआधी कुणीतरी विचारावं लागतं."

त्याच्या भुवईवर पांढरा रंग लागला होता. तिने रुमालाने तो पुसला — गरजेपेक्षा जरा सावकाशच.

मग दर रविवारी दोन्ही चर्चच्या पायऱ्यांवरून दोन नजरा रस्ता ओलांडू लागल्या. मक्याच्या शेतांच्या कडेने फिरणं झालं. टॉर्गरने घर बांधायला घेतलं, स्वयंपाकघराची खिडकी कुठे हवी ते तिलाच विचारलं. तेवढंच विचारलं.

"अगं, मग तूच विचार ना त्याला," आई वैतागली.

"आई, आपल्या आजोबांनी यावरून अख्खं चर्च बांधलंय."

शेवटी काउंटीच्या मुख्य गावातला एक विधुर दुकानदार आला, टोपी काढली आणि सरळ विचारून मोकळा झाला. रग्ना टॉर्गरच्या नव्या घरी गेली. तो चूल बसवत होता.

"मला आज एकाने मागणी घातलीय."

त्याचा हात थांबला. "मग?"

"तू विचार. एकदाच..."

त्याने हात पुसले.

"विचारलं, तर आपलं ठरलेलं नव्हतं असंच होईल ना, रग्ना?"

तो हे इतक्या प्रेमाने म्हणाला, की तिला रडताही येईना. ती निघून गेली.

दुकानदाराशी तिचं लग्न तिच्या चर्चमध्ये झालं. टॉर्गर आयुष्यात पहिल्यांदा रस्ता ओलांडून आला, शेवटच्या बाकावर बसला. बाहेर पडताना त्याने तिचा हात हातात घेतला.

"असंच ठरलेलं असणार," तो म्हणाला. तिची समजूत काढावी तसं.

"नाही टॉर्गर," हात सोडवून घेत ती म्हणाली, "यात देवाला ओढू नकोस."