उजव्या कोपऱ्यातला शेंदूर

पंडित मास्तर देवळामागच्या विहिरीवर पोचले आणि जागीच थबकले. विहिरीच्या शिलालेखावर, खाली उजव्या कोपऱ्यात, ताजा शेंदूर थापलेला होता.

धर्मापुरीपलीकडच्या त्या वाडीत आज पोरांना आणि त्यांच्या आईबापांना गावाचा इतिहास सांगायचा होता. पोलिस ठाण्याच्या अमीनसाहेबांची परवानगी फक्त आजची, दिवस मावळेपर्यंत. आणि लोक तर हात जोडून माघारी निघाले होते.

"देव प्रकटला, मास्तर!" रामहरी गुरव म्हणाला. "आता हितं शाळा भरायची न्हाई."

मास्तरांचा मित्र त्रिंबक हैदराबादेत खाजगी तपासाची कामं करी. व्याख्यान ऐकायला आलेला तो दगडापुढे उकिडवा बसला.

"या कोपऱ्यात काय कोरलंय, पंडित?"

"कोरणाऱ्याचं नाव. 'विहीर सगळ्या गावाची' हे शब्द डाव्या कोपऱ्यात आहेत. मोकळेच आहेत."

"मग वाच की!"

"ऐकणार कोण? शेंदूर लागला की दगडाचा देव होतो. मग इतिहास संपला."

विहिरीवर मालकी सांगणारे भगवानराव पारावर पान लावत होते. "परवा मास्तर लेखाचा कागदावर ठसा घेत व्हते तवा मी हितंच व्हतो. मास्तरांनी दगडावर बोट ठिवून शब्द दाखवले. दाखवू द्या की! रहाट माझा हाय."

"मी बी व्हते," वाडीतली तुळजाबाई घागर खाली ठेवत म्हणाली. "कागद भिजवायला पानी माझ्याच घागरीतलं. रोज कोसभर ओढ्याला जाते बाबा मी. त्यो लेख झाकून मला काय मिळंल?"

रामहरीने हात झटकले. "मी केजला गेलतो. काल दिवेलागणीला आलो. कागद तेवढा माझ्या ओसरीत वाळत व्हता. कुंकवाच्या गोलात विहिरीचं लिवलंय, म्हनले मास्तर काल रातच्याला."

"घरात आणखी कोण?"

"मी एकलाच. कडी लावून झोपलो."

ओसरीत ठसा टांगलेला होता. अक्षरं उठून दिसावीत म्हणून मास्तरांनी दगडाला चिकटलेली बाजू बाहेर ठेवली होती आणि तिच्यावरच विहिरीच्या शब्दांभोवती कुंकवाचा गोल काढला होता. त्रिंबकाने कागद उतरवला. "लोकांना बोलाव."

"कशाला? मला तर काहीच उमगेना."

"उमगेल."

लोक जमले. त्रिंबकाने कागद दगडाशेजारी धरला. "विहिरीचे शब्द दगडावर कुठं?"

"डावीकडं!" पोरं ओरडली.

"आणि कागदावर गोल?"

पोरं कागदाजवळ सरकली. "उजवीकडं!"

"आरशासारखं. या बाजूने ठसा उलटाच दिसतो. शेंदूर लावणाऱ्याने खूण कागदावर पाहिली, दगडावर नाही. आणि त्याला जुनी अक्षरं वाचता येत नाहीत. भगवानराव, तुळजाबाई यांनी दगडावरचं बोट पाहिलं होतं; ते चुकले नसते. नुसता कागद पाहिलेला माणूस एकच. देव असता, तर त्याला आपल्याच विहिरीची डावी-उजवी कळली नसती का?"

रामहरीने देवळाकडे हात केला. "समद्यांनी उपसली तर उन्हाळ्यात देवाच्या पूजेला पानी उरंल का, सांगा!"

"कावून न्हाई उरायचं?" तुळजाबाई पुढे झाली. "पैली घागर देवाची. मंग आमची. आन् आजपतूर कुनी उपसली रे? एकट्या रहाटानंच ना?"

भगवानरावांचं पान हातातच राहिलं.

रामहरी दगडापाशी गेला. खांद्यावरच्या पंच्याने त्याने स्वतःच कोपरा पुसला. तेव्हा कुठे माघारी निघालेले लोक खाली बसले.

मास्तरांनी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. सूर्य अजून चांगला हातभर वर होता.