झोपेचे गुण

आमच्या वसतिगृहात रोज सकाळी मेसच्या फळ्यावर प्रत्येकीच्या झोपेचे गुण झळकायचे, शंभरपैकी. मनगटावरची पट्टी रात्रभर झोप मोजायची आणि सहाला आकडा फळ्यावर पाठवायची. मी अकरावीत होते आणि चांद्रतळावर (चंद्रावरच्या वसाहतीत) जाणाऱ्या विद्यार्थी-तुकडीसाठी माझं नाव होतं. शनिवारपर्यंत सरासरी साठ भरली नाही, तर ते कापलं जाणार होतं.

त्या सोमवारी मला पडले अडतीस. माझ्याच खोलीतल्या वैदर्भीला चौऱ्याण्णव. खोली तीच, दिवा विझायची वेळ तीच, वरणभातही तोच. मग हा फरक आला कुठून? माझा नुसता जळफळाट झाला. पोहे खाताना ती जांभया देत होती, तेसुद्धा मला नाटकच वाटलं.

"गोधडी, माझी पट्टी बिघडलीय," मी मेसमधल्या रोबोला सांगितलं.

"पट्टी ठीक आहे," गोधडी म्हणाली. "अंथरुणात पडल्यावर कसला विचार करतेस?"

"वैदर्भीचा. ती झोपली असेल या विचारानंच चीड येते. मग मी जोर लावून डोळे मिटते."

"तिथंच घोळ आहे. चुरस किंवा काळजी वाटली की कॉर्टिसॉल (शरीराला सावध ठेवणारं रसायन) वाढतं. छाती धडधडते. मेंदूला वाटतं, शर्यत सुरू आहे. शर्यतीत कुणी झोपतं का? मग झोप येत नाही याचीच काळजी लागते आणि झोप आणखी लांब पळते."

"वैदर्भीला बरी येते! तिलाही चंद्रावर जायचंय."

गोधडीनं वैदर्भीचे गेल्या तीन आठवड्यांचे गुण फळ्यावर काढले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून शकूमावशी आल्या. "वैदर्भी, ही घे गं तुझी पट्टी. आज द्यायची राहिलीच."

वैदर्भीचा चेहरा पडला. "पहिल्या आठवड्यात तुला ऐंशी पडले होते," ती मला म्हणाली. "तुझ्यावर जळून माझी झोप उडाली. म्हणून रोज रात्री पट्टी मावशींना घालायला देत होते."

म्हणजे तीन आठवडे मी शकूमावशींच्या झोपेवर जळत होते.

"मावशी, इतकी गाढ झोप लागते कशी?"

"मला काय ठाऊक? पडले की झोपले. ते गुणबिण मी कुठं बघते?"

गोधडीनं फळा पुसला आणि निवड समितीला सगळं कळवलं. समितीनं वैदर्भीला ताकीद देऊन सोडलं आणि शनिवारची मुदत पुढे ढकलली. सगळ्यांची मोजणी महिनाभर नव्यानं झाली, पण आकडे कुणालाच दाखवले नाहीत. आम्ही दोघी संध्याकाळी आपापल्या काळज्या वहीत लिहायचो आणि वही कपाटात ठेवायचो. हळूहळू झोप येऊ लागली.

यादीत दोघींचीही नावं आली. पुढच्या वर्षी चंद्रावर आमची खोली एकच असेल. वैदर्भीला किती गुण पडले, हे मी गोधडीला अजून विचारलेलं नाही. विचारावंसं मात्र रोज वाटतं.