नदी नसलेला नकाशा

डोळे मिटू नका, उघडेच असू द्या. समोर एक मोठा कोरा कागद आहे आणि हातात टोकदार पेन्सिल आहे, असं समजा. तुम्हाला एक अख्खं जग बनवायचंय. डोंगर, शहरं, राजे, पक्षी... मनाला येईल ते. आता सांगा, पहिली रेघ कुठे ओढाल?

घाई नाही. पेन्सिल धरून ठेवा, आणि वृंदाने काय केलं ते आधी ऐका.

वृंदा वीस वर्षांची. बदलापूरला मांजर्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि संध्याकाळी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिच्या जगाचं नाव होतं निरवेल. त्यात सात शहरं होती, काचेची छत्री घेऊन फिरणारा एक राजा होता, आणि एक चांदटिटवी होती, जी अंडी घालायला चंद्रावर जायची. हे सगळं तिने तळमजल्यावरच्या नऊ वर्षांच्या सोनियासाठी रचलं होतं. सोनियाचा वाढदिवस आला, म्हणून तिने नकाशा मोठा करून भेट द्यायचा ठरवला. एवढं मोठं झेरॉक्स मशिन बदलापुरात तिला सापडलं नाही. ते अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर भगवंतकाकांच्या दुकानात होतं.

काकांनी नकाशा मोठा केला, मूळ कागदासकट वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. वृंदाने घरी येऊन गुंडाळी उघडली तर आत... पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग! चार भोकं, सोळा बाण आणि कुठे किती मिलिमीटर त्याचे आकडे.

दुसऱ्या दिवशी ती तावातावाने दुकानात शिरली. काउंटरपाशी एक उंच मुलगा तिचाच नकाशा पसरून उभा होता. शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, एक लाल, एक पिवळी. आणि नकाशावर... लाल गोल. इकडे गोल, तिकडे गोल, जणू निरवेलला गोवर झाला होता.

"हे काय केलंत तुम्ही?"

तो दचकला. "झाकण तुमच्याकडे आहे का? देवा! काल साहेबांसमोर गुंडाळी उघडली मी. पंपाच्या जागी काचेच्या छत्रीवाला राजा. अख्खं ऑफिस हसतंय."

"ते सोडा. हे गोल कुणी केले?"

"मी." त्याने लाल पेन्सिल पाठीमागे लपवली. लपवून उपयोग नव्हता, बोटं लालच होती. "मी ड्रॉइंग तपासतो ना, एमआयडीसीत. कागद दिसला की हात आपोआप चालतो. मूळ कागदाला हात नाही लावला, खरंच. फक्त झेरॉक्सवर."

"मी विचारलं होतं तपासायला?"

"नाही... पण पिवळं पण बघा ना. पिवळं म्हणजे बरोबर."

वृंदाने पाहिलं. चांदटिटवी पूर्ण पिवळी होती.

"ही बरोबर कशी? असा पक्षी असतो का कुठे?"

"नसतो. पण ती काय खाते, कुठे बसते, पावसात का गप्प असते, सगळं लिहिलंय तुम्ही. म्हणून मला पटली." त्याने राजावर बोट ठेवलं. "राजा नाही पटला. दिवसभर काय करतो तो?"

"राज्य करतो."

"म्हणजे काय करतो?"

भगवंतकाका मशिनमागून ओरडले, "अरे सम्यक, पोरीला तिचा कागद दे आधी! मग राजाचं बघा."

त्याचं नाव सम्यक आहे, हे तिला असं कळलं.

ती मूळ कागद तेवढा सोनियासाठी घेऊन चिडूनच घरी गेली, गोलवाली झेरॉक्स त्याच्याकडेच राहिली. पण रात्रभर तिला राजा सतावत राहिला. खरंच, दिवसभर काय करतो हा माणूस?

पुढच्या शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, ती पुन्हा दुकानात आली. झेरॉक्स काढायला असं काहीच नव्हतं तिच्याकडे. सम्यककडेही नव्हतं. काकांनी दोघांकडे पाहिलं आणि एक कोरा कागद मशिनमध्ये सरकवला. "कोऱ्या कागदाची झेरॉक्स काढून देऊ का? दोन रुपये."

तिथून शुक्रवार सुरू झाले.

एका शुक्रवारी तो तिला उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेला. त्याचं घर तिथेच, कॅम्प चारला होतं. "तुझ्या सात शहरांत एकही दुकान नाही," तो म्हणाला. 'तुम्ही' कधीच मागे पडलं होतं. "शहर काढायचं तर आधी बघ, कोण काय विकतं, कोण भाव करतं, कोण नुसतं उभं राहतं." गाडीवर दालपकवान खाताना तिने वहीत लिहून घेतलं. त्याने तिच्या हनुवटीला लागलेली चटणी पाहिली आणि रुमाल पुढे केला... मग रुमाल लाल-पिवळा झालेला दिसला, आणि ओशाळून परत खिशात घातला.

"भांडी कोण घासतं तुझ्या राजवाड्यात?" त्याने विचारलं.

"तुला फार काळजी भांड्यांची!"

"माझी आई घासायची लोकांकडे. म्हणून विचारलं."

वृंदाने वही पुन्हा उघडली. त्या आठवड्यात राजवाड्यात मुक्ता नावाची बाई आली. तिला राजाच्या सगळ्या खोड्या ठाऊक होत्या आणि राजा तिला घाबरायचा. सम्यकने राजाला पिवळं केलं.

पण एक लाल गोल पहिल्या दिवसापासून तसाच होता. सगळ्यांत मोठा, नकाशाच्या मधोमध.

"नदी कुठाय?"

"नाहीये."

"मग लोक पितात काय?"

"दव."

"आणि अंघोळ?"

"करत नाहीत."

"सात शहरं... बिनअंघोळीची?" तो हसायला लागला. वृंदा हसली नाही. तेव्हा त्याचंही हसू थांबलं.

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी जुलैत उल्हास नदी मांजर्लीत शिरली, ती तळमजल्याच्या पंख्यापर्यंत चढली. सोनियाचं घर बुडालं. तिचं दप्तर, वह्या, कोंबड्या, सगळं गेलं. दोन दिवस ती वृंदाच्या घरी ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, खिडकीकडे पाठ करून. तिला बोलतं करायला वृंदाने म्हटलं, चल, असा एक देश करू जिथे नदीच नाही. "सोनियाने मला शप्पथ घातली होती रे, कधीच नाही आणायची म्हणून. आता तू लाल गोल करतोस..."

सम्यकने लाल पेन्सिल खिशात ठेवली. "गोल खोडू शकत नाही मी," तो हळूच म्हणाला. "पण थांबू शकतो."

थांबायला मात्र वेळ उरला नव्हता. जुलै पुन्हा उंबऱ्यावर आला होता. मांजर्लीत लोकांनी फ्रिज विटांवर चढवले, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली. आभाळ जरा गडद झालं की बायका जिन्यात येऊन उभ्या राहायच्या. सोनिया शिकवणीत मध्येच उठून खिडकीशी जायची. वृंदाचंही कशात लक्ष लागत नव्हतं. कारण सम्यकच्या खिशात एक पत्र होतं. बडोद्याच्या कंपनीचं. दोन वर्षांसाठी नोकरी, पगार जास्त, शनिवारपर्यंत होकार कळवायचा.

बुधवारी संध्याकाळी तो कामावरून सुटल्यावर शिवमंदिराजवळच्या टपरीवर दोघं चहा घेत उभे होते. छपरावरून पाणी ठिबकत होतं, ते चुकवायला जरा जास्तच जवळ.

"मग कळव ना," ती म्हणाली.

"काय कळवू?"

"मला काय विचारतोस?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?"

तिने ग्लासात पाहिलं. चहा संपला होता, तरी तिने एक घोट घेतला.

सम्यकने नकाशा उघडला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात पट्टीशिवाय, तरी एकदम सरळ, तीन चौकटी आखल्या. पहिलीत लिहिलं— काढले. दुसरीत— तपासले. तिसरीत— मंजूर.

"आमच्याकडे प्रत्येक ड्रॉइंगवर असतात." त्याने पहिल्या चौकटीत तिचं नाव लिहिलं. दुसऱ्या चौकटीत स्वतःचं. दोन नावं शेजारी शेजारी... वृंदाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"आणि तिसरी?"

"तिसरी सही झाल्याशिवाय कागद मशिनवर जात नाही."

"दोघांची पुरत नाही?"

"दोघांची कधीच पुरत नाही, वृंदा." तो रस्त्याकडे बघत बोलला. "माझं आडनाव ऐकल्यावर तुझी आई चहा विचारेल का? मी बडोद्याला जाऊ नये असं मला वाटतं. पण ते तुलाही वाटायला हवं. आणि तू तर... जिथे भीती वाटते तिथे कागद कोराच सोडतेस."

हे तिला लागलं. ती ग्लास ठेवून निघाली. घरी येऊन जेवली नाही. शुक्रवारी सकाळी भगवंतकाकांच्या दुकानात तिचा फोन आला. "काका, सम्यकला सांगा, संध्याकाळी मांजर्लीत ये. घरी. पेन्सिली घेऊन."

तो आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि नकाशा मात्र शर्टाच्या आत, कोरडा. दार वृंदाच्या आईने उघडलं. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नाव काय म्हणालात?"

त्याने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट.

आई क्षणभर थांबली. तिने वृंदाकडे पाहिलं. वृंदाने मान खाली घातली नाही. आई आत वळली, आणि मग आतूनच आवाज आला, "साखर किती?"

"दोन चमचे... काकू."

वृंदाने सोडलेला श्वास बहुधा तळमजल्यापर्यंत ऐकू गेला असेल. कारण तेवढ्यात सोनियाच वर आली, दोन वेण्या, हातात कंपासपेटी. नकाशा जमिनीवर पसरलेला पाहून ती उकिडवी बसली.

"ताई, हाच का तो लाल गोलवाला?"

"हाच."

"ए दादा, मधे एवढा मोठा गोल कशाला? इथं तर काहीच नाही."

"म्हणूनच," सम्यक म्हणाला.

सोनियाला लगेच कळलं. तिचा चेहरा उतरला. "नदी नाय पायजे. ताईने प्रॉमिस केलंय."

"केलंय," वृंदा म्हणाली. "म्हणून तुला विचारल्याशिवाय काढणार नाही. हे बघ, तिसरी चौकट तुझी आहे. तू नाही म्हणालीस तर नाही."

सोनियाने तिन्ही चौकटी वाचल्या. बाहेर पागोळ्यांचा आवाज वाढला तशी ती खिडकीकडे बघून आली आणि परत बसली.

"मला नदीतलं काही येत नाही," सम्यक तिला म्हणाला. "मी पंपवाला. नदीचं तुला माहितीये. तूच सांग, गेल्या वर्षी ती घरात का शिरली?"

"तिला जागाच नव्हती ना!" सोनिया चिडून बोलली. "सगळी बिल्डिंगच बिल्डिंग. मग ती कुठं जाणार? आमच्यात आली."

"मग किती जागा लागते तिला?"

सोनिया विचारात पडली. तिने नकाशावर हात ठेवला, बोटं जुळवून. "चार बोटं. दोन्हीकडून. तिथं घर नाय बांधायचं. फक्त शेत. नायतर क्रिकेट."

सम्यकने खिशातून वही काढून लिहून घेतलं, अगदी गंभीरपणे. चार बोटं. दोन्हीकडून. क्रिकेट चालेल.

"आणि पुन्हा वाढली तर?" सोनियाने विचारलं. "तेव्हा कोण बघणार? दादा, तू असणार का?"

सम्यकचा हात खिशाकडे गेला. त्याच्या खिशात पत्र होतं. त्याने वृंदाकडे पाहिलं.

पागोळ्या वाजत होत्या. आत कपबशा वाजत होत्या... आणि मग अचानक वाजायच्या थांबल्या. आई दाराआड उभी असावी.

"तो असणार," वृंदा म्हणाली. "तो कुठे जात नाहीये. मी... मी त्याला जाऊ देणार नाहीये."

"शनिवारपर्यंत कळवायचं होतं," सम्यक पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या पेन्सिलीहून लाल.

"आज शुक्रवार आहे. एक दिवस आधीच कळवलं की!"

आत कपबशा पुन्हा वाजू लागल्या. जरा जोरातच.

सोनियाला या सगळ्यात काही रस नव्हता. तिने कंपासपेटी उघडली, निळी पेन्सिल शोधली, तिला टोक केलं. मग डोंगराच्या पायथ्याशी पेन्सिल टेकवली आणि जीभ दातांत धरून हळूहळू ओढत नेली, वळणं घेत, चार बोटं मोजत, थेट समुद्रापर्यंत. वर्षभर नदीचं नावही नको म्हणणाऱ्या त्या मुलीचा हात एकदाही थांबला नाही.

"आता सही," सम्यकने तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवलं.

सोनिया सहीसाठी वाकली. पण मध्येच थबकली. तिने नदीकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं, पुन्हा चार बोटं ठेवून पाहिली. राजवाडा बोटांखालीच आला. मग सम्यकच्या खिशातली लाल पेन्सिल सरळ उपसून घेतली आणि राजवाड्याभोवती एक भला मोठा गोल ओढला.

"ह्यांना आधी उठवा इथून," ती म्हणाली. "मग करते सही."