छपरीतला हळदीचा हात

बसा. हिंगणघाटच्या बसला अजून अवकाश आहे, आणि वडनेरच्या या थांब्यावर सावली एवढीच. मी बसची वाट पाहत नाही. ते समोर बदामी रंगाचं घर दिसतं ना, ते माझंच. रोज दुपारी मला त्या घरातून बाहेर निघावं लागतं. का, ते सांगतो.

दीड महिन्यापूर्वी घराला बाहेरून रंग द्यायला घेतला. मुलाच्या सोयरिकीसाठी मुलीकडचे घर पाहायला येणार होते, आणि भिंतींचे पोपडे सुटले होते. लोक काय म्हणतील, ही माझी जन्माची खोड. चंद्रभान नावाचा ठेकेदार मिळाला. पाच दिवसांत चकाचक करून देतो म्हणाला आणि बावीस दिवस माझं डोकं खाल्लं. त्याची माणसं अकराला उगवायची, चहा ढोसायची, मोबाइल बघत बसायची. जुना रंग न घासताच त्यावर पुट्टी थापली. तुळशीवर शिंतोडे, काचांवर ओघळ. बोललो की म्हणायचा, "टेन्शन नका घेऊ काका, फिनिशिंगमधी सगळं निंगते."

त्याला मी एकच गोष्ट बजावली होती. छपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दाराच्या बाजूला हळदीचा एक हात उमटलेला होता, त्याला धक्का लावायचा नाही. माझ्या आचलचा हात. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा तिनं उमटवलेला. हळद उडून तेलाचा डाग तेवढा उरला होता, पण पाची बोटं ओळखू यायची. करंगळी वाकडी होती. लहानपणी माझ्याच हातून दार लागलं आणि तिची करंगळी त्यात सापडली होती. आचल जाऊन तीन वर्षं झाली. माझी बायको रुख्मा रोज सकाळी त्या हातावर आपला हात ठेवायची, मगच कामाला लागायची. रंग सुरू होण्याआधी मी स्वतः त्यावर कागद चिकटवला होता.

एक दिवस रुख्माचे डोळे दाखवायला आम्ही वर्ध्याला गेलो. संध्याकाळी परतलो, तर छपरीची भिंत रंगवून झालेली आणि जागच्या जागी हात. पिवळाजर्द. ओला. रंगाच्या उग्र वासात हळदीचा वास येत होता.

"पाहा काकू, जसाच्या तसा ठेवला," चंद्रभान म्हणाला.

माझं टाळकं सरकलं. हरामखोरांनी खरा हात खरवडून टाकला होता आणि कुणाचा तरी हात हळदीत बुडवून तिथं उमटवला होता. मी त्याच्या अंगावर धावून जाणार, तेवढ्यात रुख्मानं त्या ओल्या हातावर आपला हात टेकवला.

"आचलचाच हाय," ती हळूच म्हणाली.

मी जवळ जाऊन पाहिलं. करंगळी वाकडी होती.

चंद्रभानला मी फाटकाबाहेर ओढत नेलं. "खरं सांग. कोनाचा हात हाय?"

"चुकी झाली काका… पोरायनं कागदासकट खरवडून टाकलं. मंग म्या दुकानातून हळद आनली. फाटकापाशी एक पोरगी उभी होती, हातात थैली घेऊन. म्हटलं, बाई, जरासा हात टेकवून दे…"

"मंग?"

"थे म्हने, बाबा घरी हायत का? म्या म्हटलं, नाई, वर्ध्याले गेले. तवा कुठं आत आली. नाई तं किती येळची उनात उभी होती."

मी मोबाइलमधला आचलचा फोटो त्याच्यासमोर धरला.

"हेच," तो म्हणाला. ती कोण, ते मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून चंद्रभानचा फोन बंद. मागची भिंत अर्धीच राहिली, त्याची शिडी अजून तिथेच टेकलेली आहे. सोयरीकही जुळली नाही.

आता जे सांगतो, ते मी रुख्मालाही कधी सांगितलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, अशाच रखरखीत दुपारी, आचल थैली घेऊन फाटकापाशी आली होती. "बाबा, मले राहू द्या," म्हणाली. तिकडे काय सोसत होती, ते तोंडावर दिसत होतं. रुख्मा आत झोपली होती. मी पोरीला फाटकाच्या आतसुद्धा घेतलं नाही. चार लोक काय म्हणतील, म्हणालो, आणि याच थांब्यावर आणून तीनच्या बसमध्ये बसवून दिलं. दिवाळीच्या आधी ती गेल्याचा निरोप आला. ताप आला होता म्हणाले. मी मान डोलावली. त्या मानेची मला आज लाज वाटते.

चंद्रभान पळाला त्याच दुपारी रुख्मानं माझ्या हातात छत्री दिली. "थांब्यावर जाऊन बसा. तुम्ही असले की थे आत येत नाई." मग दार धरून म्हणाली, "तिले तीनच्या गाडीत बसवून देल्लं होतं ना तुम्ही?"

हे तिला कोणी सांगितलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून रोज इथे येऊन बसतो. तीनची बस येते, थांबते. कंडक्टर दार उघडतो. "बाईनं हात केलता ना?" म्हणतो. कुणी चढत नाही. बस गेली की मी घरी जातो. छपरीत दोन उष्टी ताटं असतात, दोन गिलास असतात. एका गिलासावर हळदीची बोटं. रुख्मा तो गिलास धुते, आणि मला वाढते.

आज निघताना म्हणाली, "आज तीन वाजले तरी येऊ नका."

"काऊन? मंग कवा येऊ?"

"आज थे राहाले येऊन राह्यली…"

तीनची बस तुमच्या आधीच येऊन गेली. आज ती थांबली नाही, सरळ निघून गेली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

ते पाहा… घराचं दार आतून कुणीतरी लावून घेतंय. हात कोणाचा आहे, ते इथून दिसत नाही.